चौकाबाहेरचं घर : ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ पुन्हा वाचताना

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. सिनॉप्सिसमध्ये ‘पूर्वसंशोधनाचा चिकित्सक आढावा’ लिहा असं गाईड सांगतात, पण चिकित्सक म्हणजे नक्की काय करायचं? एवढ्या मोठ्या नावाच्या पुस्तकाला आपण काय बोलणार?

यावर उपदेश करण्यापेक्षा एक पुस्तक घेऊन बसते. यशोधरा डालमिया यांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’, ललित कला अकादमी, १९८८. वारली चित्रकलेवर कुणी काहीही लिहिलं तरी या पुस्तकाचा हवाला असतोच. माझ्याही आढाव्यात तो होता. पहिल्या मसुद्यात मी त्याला दीड पान दिलं होतं, सगळं कौतुकाचं. नंतर तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर एका घरात जाणं झालं आणि ते दीड पान परत लिहावं लागलं. त्या घराकडे येतेच, आधी पुस्तक.

आधी त्याचं श्रेय. वारली चित्र म्हणजे पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, गोल फेर धरून नाचणारी, एवढंच आपल्याला रिक्षाच्या मागे आणि सरकारी इमारतींच्या कुंपणावर दिसतं. हे चित्र मुळात शोभेचं नाही, लग्नाच्या विधीचा भाग आहे, ही गोष्ट या पुस्तकाने नीट समजावून सांगितली. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली भिंत. तिच्यावर गेरूचा हात. मग सुवासिनी तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं चौक लिहितात. चौकात पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते, आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. बाई, भिंत, गाणं आणि देव एकत्र पाहायचे, यातलं एक सुटं काढून बघितलं तर अर्थ हरवतो, ही डालमियांची मांडणी आजही पक्की आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी या एका कारणासाठी तरी वाचावं.

आता शंका. पहिली शंका सोपी आहे आणि ती घ्यायला वारली समाजाचा अभ्यास असावा लागत नाही, शाळेतलं विज्ञान पुरतं. ही परंपरा इसवी सनपूर्व २५०० ते ३००० पर्यंत मागे जाते, असं या पुस्तकाच्या नावावर सगळीकडे सांगितलं जातं. पर्यटनाच्या पत्रकात, प्रदर्शनाच्या फलकावर, विकिपीडियावर, आणि हो, माझ्या पहिल्या मसुद्यातसुद्धा. आता विचार करा. तांदळाचं पीठ सेंद्रिय आहे, म्हणजे तत्त्वतः त्याचं कार्बन-१४ ने वय काढता येईल. पण वय काढायला पीठ तर हवं! लग्न झालं की चौकाचं काम संपतं, पुढच्या पावसाळ्यांत भिंत पुन्हा लिंपली जाते, कुडाचं घर काही वर्षांनी नवीन बांधलं जातं. पाच हजार वर्षांपूर्वीची भिंत सोडा, शंभर वर्षांपूर्वीची दाखवणं मुश्कील. मग आधार उरतो तो दिसण्यातल्या साम्याचा: गुहाचित्रांतली माणसं अशीच काड्यांची आणि त्रिकोणांची असतात. पण माणूस कमीत कमी रेषांत काढायला सांगितला तर जगभर कुठेही साधारण असाच निघेल. साम्यावरून नातं सुचू शकतं, तारीख ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, असेना का तारीख चुकीची, कुणाचं काय बिघडलं? बिघडतं. परंपरा पाच हजार वर्षं न बदलता चालत आली असं एकदा गृहीत धरलं की जे घर आपल्या डोळ्यांदेखत काही बदल करतं ते आपोआप ‘तुटलेलं’ ठरतं. तिथला बदल हा बदल राहत नाही, ऱ्हास होतो. आणि डहाणू-तलासरीत या ऱ्हासाचा आरोप ज्यांच्यावर सर्वात सहज ठेवला जातो ती म्हणजे ख्रिस्ती वारली घरं.

दुसरी शंका पुस्तकाच्या विषयाच्या आखणीबद्दल आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. पुस्तकाच्या नावापुढेच लिहिलंय की हा अभ्यास वारल्यांच्या कलेचा आणि विधींचा आहे. ठीक. पण सॅम्पलिंगच्या भाषेत याचा अर्थ बघा. चित्र म्हणजे विधीतलं चित्र, अशी व्याख्या केली की ज्या घरात तो विधी होत नाही ते घर सॅम्पलिंग फ्रेममध्ये येतच नाही. न येणं ही लेखिकेची चूक नाही, प्रत्येक अभ्यासाला कुठेतरी कुंपण घालावंच लागतं. चूक पुढे होते. नंतरचे वाचक (मीही त्यात) ‘या घरांत विधी होतो, त्यांचा अभ्यास केला’ हे वाक्य ‘वारली घर म्हणजे विधी होणारं घर’ असं वाचतात. कुंपणाच्या आत काय सापडलं ते सांगता सांगता कुंपणाबाहेर कोणीच नाही असं होऊन बसतं.

बाहेर तर माणसं आहेत, आणि आजकालची नाहीत. वारल्यांबद्दलच्या अगदी सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक आहे १८४३ ची, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमधली, आणि ती लिहिणारे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी. तेच विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रेदरनचं मिशन डहाणूत आलं, त्यांचा दवाखाना झाला, आणि १९७० मध्ये तो समाज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला. तलासरीत जेझुइट फादरांचं ज्ञानमाता सदन आहे. हाच तलासरी भाग १९४५ नंतर किसान सभेच्या लाल बावट्याखाली वेठबिगारीविरुद्ध उठला, ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे आपल्याला माहीत असतं. म्हणजे ज्या काळात पुस्तकातलं ‘जग’ भिंतीवर उमटत होतं त्याच काळात त्याच पाड्यांवर मिशनची शाळा होती, दवाखाना होता, मोर्चा होता. रंगवलेलं जग एकटं कधीच नव्हतं.

आता ते घर. कुणाचं, कोणत्या पाड्यावर, ते सांगणार नाही. माझा विषय चित्रकला नाहीच. मी संख्याशास्त्रातून आले आणि घरबसल्या मोबदल्याचं काम करणाऱ्या बायकांच्या वेळेचा हिशेब मांडते. त्या घरातली बाई वारली चित्रं काढून विकते: भेटकार्डं, पुस्तकातल्या खुणेच्या पट्ट्या, लहान ट्रे. घर कॅथलिक, सासूच्या पिढीपासून. रविवारी मिस्सा, संध्याकाळी जमेल तेव्हा जपमाळ. नाताळच्या आधी तिच्याकडे गव्हाणीच्या चित्राला मागणी असते: त्रिकोणी योसेफ, त्रिकोणी मारिया, मधे बाळ, आणि बाजूला बैलजोडी जशी वारली चित्रात असते तशीच.

माझ्या प्रश्नावलीत चौदावा प्रश्न होता: तुमच्या धर्मामुळे तुम्ही कोणती चित्रं काढणं टाळता? आता वाचताना लाज वाटते. उत्तर आधी ठरवून मग प्रश्न लिहिला की तो असा होतो. तरी विचारला. ती म्हणाली, पालघट नाही काढत. मी मनात टिक केलं: आलं उत्तर. डालमिया वाचलेल्या असल्यामुळे मला ते पूर्ण पटलंही. मग कशासाठी कोण जाणे, पण मी विचारलं की चर्चमध्ये कुणी नको म्हणालं का? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘चर्चचं काय त्यात? ते लग्नातलं आहे. लग्न नसताना कसं काढायचं?’ शेजारच्या घरातली, चर्चला न जाणारी तिची चुलत जाऊही तेच सांगते म्हणाली. दुकानदार देवचौकच हवा म्हणून अडून बसला तर ती चौकाची नक्षी काढून देते आणि आत देवीच्या जागी झाडं आणि घर काढते. दुकानदाराला फरक कळत नाही.

हे एक घर आहे. एका घरावरून काहीही सिद्ध होत नाही, आणि ‘ख्रिस्ती वारली असं मानतात’ असं वाक्य मी कुठेही लिहिणार नाही. पण प्रश्न चुकीचा आहे हे दाखवायला एक घर पुरतं. मी जिला ‘धर्मामुळे सोडलेली परंपरा’ म्हणून मोजणार होते, ती तिच्या दृष्टीनं परंपरा पाळणं होतं. लग्नाशिवाय पालघट नाही, हा नियम तिने पाळला. मग तो मोडला कुणी?

इथे पुस्तकाबद्दलची तिसरी शंका येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. हेच कुलकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीला जाऊन तिथल्या बायकांना कागद देऊन आले होते. इकडे त्यांनी तेच केलं: कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यावर चित्रं काढू लागले. पुरुष असून, लग्न नसताना, रोज. पुढे १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं ‘मॅजिसिएँ द ला तेर’ प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. म्हसे २०१८ च्या मे महिन्यात गेले. ते मोठे चित्रकार होते यात मला शंका नाही. त्यांच्या जाळ्याच्या चित्रातली रेषा बघताना माझ्यासारख्या चित्रकलेत काठावर पास झालेलीलाही काहीतरी होतं. पण बदल म्हणून बघितलं तर हा बदल केवढा होता! बाईच्या हातातून पुरुषाच्या हाती, भिंतीवरून कागदावर, गाण्यापासून तुटून, लग्नापासून तुटून, धवलेरीशिवाय. चौकाला विधीबाहेर काढणारी सर्वात मोठी घटना कोणती, असं विचारलं तर उत्तर बाप्तिस्मा नाही, तपकिरी कागद आहे.

डालमियांच्या पुस्तकात हे दोन्ही येतं, भिंतीवरचंही आणि कागदावरचंही. अडचण अशी की पुस्तक या दोघांना एकाच ‘जगा’चे दोन टप्पे मानतं, एकातून दुसरं उमललं असं. कागदाकडे जाणं म्हणजे फुलणं. मग तोच न्याय त्रिकोणी मारियाला का नको? एका घराने चित्र बाजारासाठी विधीतून बाहेर काढलं, दुसऱ्या घराने विधीच बदलला आणि चित्र हातात ठेवलं. पहिल्याला आपण विकास म्हणतो आणि दुसऱ्याला तडजोड. मला याचं समर्थन पुस्तकात सापडलं नाही. सापडेल असंही वाटत नाही, कारण प्रश्न तिथे विचारलेलाच नाही.

मराठीत तरी हा प्रश्न नवा नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं, आणि ते ओवीत आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहून साडीतली मारिया रंगवत होते आणि त्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. रूप घ्यायचं आणि देव बदलायचा, हे चालतं का, यावर वाद झाले. पण टिळकांनी अभंग लिहिला म्हणून ते मराठी राहिले नाहीत, असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय? वारली बाईच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हटलं जातं.

आणि ते नुसतं म्हटलं जात नाही. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी जनजाती सुरक्षा मंच गेली काही वर्षं लावून धरतोय. आज कायदा काय आहे ते नीट समजून घ्या, मुलाखतीत विचारतात. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे: हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. पण म्हणून प्रश्न मिटला असं नाही. केरळ राज्य विरुद्ध चंद्रमोहनन या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निव्वळ धर्मांतरामुळे कुणी जमातीबाहेर जात नाही. मात्र ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती, विधी पाळत आली आहे का, हे पुराव्यावर ठरवावं लागेल.

चालीरीती. विधी. पुरावा. हे तीन शब्द पुन्हा वाचा आणि मग सांगा, एखाद्या मान्यवर पुस्तकातली ‘वारली चित्र म्हणजे काय’ ही व्याख्या फक्त कलासमीक्षेची बाब आहे का. उद्या कुणाच्या दाखल्याची पडताळणी झाली आणि कुणी ते पुस्तक समोर ठेवलं, तर पालघट न काढणारी ही बाई चालीरीत पाळते की सोडते? चौदाव्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर मी जसं टिक करणार होते तसं केलं असतं, तर माझ्या तक्त्यात ती ‘सोडलेली’ या रकान्यात गेली असती. आकडेवारीत एकदा गेलं की ते परत निघत नाही, हे संख्याशास्त्राच्या लोकांनी तरी विसरू नये.

मग अभ्यास कसा करायचा? धर्मामुळे भिंतीवरचं चित्र थांबलं, असं कुणाला म्हणायचं असेल तर आधी बाकीची कारणं वेगळी काढावी लागतील. घर विटा-सिमेंटचं झालं का? शेणाने लिंपलेली भिंतच नसेल तर चौक कुठल्या भिंतीवर लिहिणार? गावात धवलेरी उरली आहे का? घरात विकण्यासाठी चित्र काढतात का, आणि कोण काढतं? या गोष्टी ख्रिस्ती घरांतही आहेत आणि बिगरख्रिस्ती घरांतही. चर्चला जाणारं घर शाळा-नोकरीमुळे आधी पक्कं झालं असेल तर भिंतीचा परिणाम आपण धर्माच्या नावावर लिहून मोकळे होऊ. आपल्या भाषेत हा कन्फाउंडर. पक्क्या घरांची तुलना पक्क्या घरांशी, विकणाऱ्यांची विकणाऱ्यांशी, असं केल्याशिवाय धर्माबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही.

आणि घर हे मोजमापाचं एकक धरायचं का, हाही प्रश्न आहेच. त्या घरातली मोठी कापडं, दोन-दोन मीटरची, तिचा दीर काढतो. सही त्याची, प्रदर्शनाला तोच जातो. ती कार्डं काढते. मला आधी वाटलं आवडीचा भाग असेल. मग तिच्या दिवसाचा तक्ता भरायला घेतला. आपल्याकडच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत मोडतात, आणि एका खणात एकाहून जास्त कामं लिहायची सोय आहे. मीही तसंच केलं. तिचा चित्राचा एकही खण निव्वळ चित्राचा निघाला नाही. भात शिजतोय आणि चित्र. धाकटा अभ्यासाला बसलाय आणि चित्र. जपमाळेनंतर जेवणाआधी, चित्र. कार्ड मधेच ठेवून उठता येतं. दोन मीटरच्या कापडावर पाय दुमडून तीन तास बसावं लागतं, आणि रंग ओला असताना उठलं की कोंबडी चालून जाते.

म्हणजे ती काय काढते हे ठरवण्यात धर्मापेक्षा चुलीचा वाटा मोठा असू शकतो. असू शकतो, एवढंच म्हणते. हे इतर घरांत तपासायचं आहे. पण हे डालमियांच्या पुस्तकात शोधलं तर मिळत नाही, कारण तिथली बाई लग्नाच्या दिवशी भेटते. लग्नाच्या दिवशी सुवासिनीला स्वयंपाक करावा लागत नाही का, आणि चौक लिहिताना तिचं तान्हं मूल कुणाकडे असतं, हे मला त्या सुंदर पानांमधून कळलं नाही. विधीच्या अभ्यासाला तो प्रश्न सुचत नसावा. म्हणून पुस्तक टाकायचं नाही. माझ्या आढाव्यात त्याला अजूनही दीड पानच आहे. अर्धं पान ऋण, एक पान शंका.

चौदावा प्रश्न मी काढून टाकला. त्याच्या जागी आता दोन आहेत. लग्नाशिवाय कोणतं चित्र काढत नाही, आणि का? दुसरा: चित्र सुकायला कुठे ठेवता? दुसरा प्रश्न गाईडना पोरकट वाटला, पण त्यांनी राहू दिला. तिच्याच घरी मी तो पहिल्यांदा विचारला. तिने वर बोट केलं. कपाटावर, मारियेच्या तसबिरीच्या मागे, धाकट्याचा हात पोचत नाही तिथे, सात कार्डं ओळीने उभी केलेली होती.